अमेरिकेतील फार्म.डी. प्रवेशासाठी ‘पब्लिक स्पीकिंग’ची अट : बी.फार्म.मधील संभाषणकौशल्याचा विषय चालतो का?

तापीकाठ (शहादा) यांचा प्रश्न

नमस्कार. मी बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अमेरिकेत फार्मासिस्टचा परवाना हवा असेल, तर परदेशी पदवीधरांना समकक्षता परीक्षा द्यावी लागते आणि १ जानेवारी २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांना त्यासाठी किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपली चार वर्षांची पदवी त्यात बसत नाही. म्हणून तेथील चार वर्षांच्या फार्म.डी. (डॉक्टर ऑफ फार्मसी) अभ्यासक्रमाला पहिल्या वर्षापासूनच प्रवेश घ्यावा, असा माझा विचार आहे.

पाच महाविद्यालयांच्या पूर्वअटी मी बारकाईने वाचल्या. रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, संख्याशास्त्र या अटी समजण्यासारख्या आहेत. परंतु त्यांपैकी तीन ठिकाणी ‘पब्लिक स्पीकिंग’ हा तीन क्रेडिटचा स्वतंत्र विषय मागितला आहे, एका ठिकाणी भाषणकला किंवा संवादकौशल्य यांपैकी काहीही चालेल असे म्हटले आहे आणि एका ठिकाणी ही अटच नाही. आपल्याकडे पहिल्या सत्रात ‘कम्युनिकेशन स्किल्स’ हा विषय असतो. तो ग्राह्य धरतील का?

एक गोष्ट मोकळेपणाने सांगते. आमच्या महाविद्यालयात त्या विषयाचे प्रात्यक्षिक म्हणजे संगणकासमोर बसून हेडफोनमधून उच्चार ऐकणे आणि जर्नल पूर्ण करून त्यावर सही घेणे, एवढेच झाले. वर्गासमोर उभे राहून पाच मिनिटे बोलण्याची वेळ चार वर्षांत माझ्यावर आली नाही. माझे शिक्षण दहावीपर्यंत मराठी माध्यमात झाले असून घरी आम्ही गुजरी बोलतो. त्यामुळे कागदावर अट पूर्ण झाली, तरी पुढे काय होईल, याची मला काळजी वाटते.

फळा-खडू (जळगाव जिल्हा, अध्यापक) यांचे उत्तर

ताई, आधी कागदाचा प्रश्न पाहू. फार्मसी कौन्सिलच्या २०१७ पासून लागू असलेल्या अभ्यासक्रमात हा विषय दोन भागांत आहे. ‘बीपी १०५ टी’ हा लेखी भाग ३० तासांचा व दोन क्रेडिटचा, तर ‘बीपी १११ पी’ हे प्रात्यक्षिक आठवड्याला दोन तासांचे व एका क्रेडिटचे आहे. दोन्ही मिळून तीन क्रेडिट होतात. तिकडेही तीनच मागतात. म्हणजे संख्येची अडचण नाही. अडचण नावाची आणि आशयाची आहे.

गुणपत्रकावर केवळ ‘कम्युनिकेशन स्किल्स’ एवढेच छापलेले असते. ते वाचणाऱ्या प्रवेश अधिकाऱ्याला त्यात व्याकरण, पत्रलेखन आणि मुलाखतीची तयारी दिसेल. भाषण दिसणार नाही. प्रत्यक्षात त्या अभ्यासक्रमाच्या चौथ्या घटकात सादरीकरणाचा स्वतंत्र भाग आहे. भीतीवर मात कशी करावी, सादरीकरणाची आखणी व रचना कशी करावी, ते श्रोत्यांपुढे कसे करावे, हे सर्व त्यात नमूद केलेले आहे. पाचव्या घटकात गटचर्चा आहे. म्हणून अभ्यासक्रमाची ती पाने महाविद्यालयाकडून साक्षांकित करून घ्या आणि अर्ज भरण्यापूर्वीच त्या तीनही महाविद्यालयांच्या प्रवेश कार्यालयांना ईमेलने पाठवा. “आमचा हा विषय आपल्या अटीत बसतो का?” एवढा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा. निर्णय प्रत्येक महाविद्यालयाचा स्वतःचा असतो. एकाने मान्य केले म्हणून दुसरे मान्य करीलच, असे गृहीत धरू नका.

पदवीधर असल्याचाही उपयोग होऊ शकतो. काही महाविद्यालये आधीची पदवी असलेल्या उमेदवाराला इतिहास, समाजशास्त्र यांसारख्या सामान्य शिक्षणाच्या विषयांतून सूट देतात. भाषणाचा विषय ते त्या सुटीत धरतात की वेगळा ठेवतात, हे त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

आपल्या महाविद्यालयातील प्रात्यक्षिकाबद्दल आपण जे लिहिले, ते वाचून एक अध्यापक म्हणून मला वाईट वाटले. अभ्यासक्रमात ‘भीतीवर मात’ असा शब्द छापलेला असताना एकाही विद्यार्थ्याला फळ्यासमोर उभे न करणे, हा त्या विद्यार्थ्यांवर अन्याय आहे.

सातपुड्याची_वाट (मूळ चोपडा, सध्या फार्म.डी. दुसरे वर्ष) यांचे उत्तर

माझीही पदवी बी.फार्म.च होती आणि मी हाच प्रश्न दोन महाविद्यालयांना विचारला होता. एकाने अभ्यासक्रम पाहून तो विषय मान्य केला. दुसऱ्याने स्पष्ट कळवले की, विद्यार्थ्याने श्रोत्यांपुढे स्वतः तयार केलेली भाषणे केल्याचे दिसत नसेल, तर विषय ग्राह्य धरला जाणार नाही. मला दुसऱ्याच महाविद्यालयात जायचे होते, म्हणून मी एका अमेरिकन कम्युनिटी कॉलेजचा ऑनलाइन विषय घरी बसून पूर्ण केला. ऑनलाइन विषय चालेल का, हे मात्र पैसे भरण्यापूर्वी विचारून घ्यावे, कारण काही ठिकाणी तो चालतो आणि काही ठिकाणी चालत नाही.

त्या विषयात नेमके काय असते, ते सांगतो. मला माहितीपर भाषण आणि मन वळवणारे भाषण, अशी दोन मुख्य भाषणे करावी लागली. प्रत्येकाचा आराखडा आधी लिहून द्यायचा आणि दिलेल्या वेळेतच बोलायचे. कागद पाहून वाचले तर गुण कापले जात. चित्रफितीत किमान पाच प्रौढ श्रोते दिसले पाहिजेत, अशीही अट होती. आमच्या ओसरीवर आई, वडील, काका आणि शेजारचे दोघे सतरंजीवर बसले आणि मी प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स का घ्यावा यावर इंग्रजीत सहा मिनिटे बोललो. काकांना इंग्रजी फारसे येत नाही. भाषण संपल्यावर ते म्हणाले, “गोळ्या मध्येच सोडू नका असं तू सांगत होतास ना?” मी हाताने गोळ्यांची पट्टी दाखवून तिच्यावरची रिकामी जागा मोजून दाखवली होती, त्यावरून त्यांना ते कळले होते. त्या दिवसापासून हा विषय मला ओझे वाटला नाही.

आता वेळापत्रकाबद्दल. फार्मकॅस या सामायिक अर्जप्रणालीत जो विषय अजून झालेला नाही, तो नियोजित म्हणून दाखवता येतो. पुष्कळ महाविद्यालयांना तो विषय फार्म.डी.चे वर्ग सुरू होण्यापूर्वी, किमान सी श्रेणीत पूर्ण झालेला हवा असतो. आपल्या गुणपत्रकांचे डब्ल्यूईएससारख्या, परदेशी शिक्षणाची अमेरिकन शिक्षणाशी तुलना करून देणाऱ्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून घ्यावे लागते. त्याला अनपेक्षित वेळ लागतो, म्हणून विद्यापीठातून गुणपत्रकांच्या बंद लिफाफ्याचे काम आजच सुरू करा. पीकॅट ही प्रवेशपरीक्षा जानेवारी २०२४ नंतर बंद झाली, त्यामुळे तिच्या जुन्या पुस्तकांवर खर्च करू नका. मुलाखत मात्र होते आणि तेथे आपले बोलणेच पाहिले जाते.

औषधपेढी (साक्री तालुका) यांचे उत्तर

मी प्रवेशाबद्दल सांगू शकत नाही, परंतु ही अट त्यांनी का ठेवली असावी, हे दुकानाच्या काउंटरवरून सांगू शकतो. अमेरिकेत १९९० च्या केंद्रीय कायद्याने मेडिकेडच्या (कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्य योजनेच्या) रुग्णांना औषधाबद्दल समजावून सांगण्याची तयारी दाखवणे फार्मासिस्टवर बंधनकारक केले. त्याची अंमलबजावणी १९९३ पासून झाली आणि बहुतेक राज्यांनी तो नियम सर्वच रुग्णांना लावला. आपल्याकडेही २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये रुग्णाला सल्ला देणे हे फार्मासिस्टचे कर्तव्य म्हणून नोंदवलेले आहे. म्हणजे बोलणे हा या पेशाचा भाग कायद्यानेच ठरवलेला आहे.

काही वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी दम्याच्या एका आजींना मी रोटाकॅप दिल्या. गर्दी होती. “यंत्रातून ओढायच्या,” एवढे बोलून मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलो. पंधरा दिवसांनी त्या परत आल्या, तेव्हा दम तसाच होता. चौकशी केली तेव्हा कळले की, त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होत्या आणि यंत्र पिशवीत तसेच पडून होते. “माले काही समजनं नही, भाऊ,” असे त्या म्हणाल्या. चूक त्यांची नव्हती. त्या दिवसापासून मी कॅप्सूल यंत्रात घालून, यंत्र फिरवून, स्वतः श्वास ओढल्यासारखे करून दाखवतो आणि मग रुग्णाकडून तेच करवून घेतो. मी हे अहिराणीत सांगतो, आणि डोंगराकडची माणसे आली तर त्यांच्याबरोबर आलेल्या जाणत्या माणसाला मध्ये घेऊन सांगतो. बाकावर बसलेले आणखी चार-पाच जणही ते ऐकतात. माझ्या मते हे सभेत बोलणेच आहे.

ताई, घरी गुजरी, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी, अशा तीन भाषांतून आपण आजवर आला आहात. समोरच्याला समजले की नाही, हे चेहऱ्यावरून ओळखण्याची सवय आपल्याला आधीच असणार. ती सवय आपल्या अर्जातील निवेदनात अवश्य लिहा.

तापीकाठ (शहादा)

आपण सर्वांनी इतके सविस्तर लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. अभ्यासक्रमाची पाने साक्षांकित करण्यासाठी मी सोमवारी कार्यालयात अर्ज देते आणि तिन्ही महाविद्यालयांना ईमेल पाठवते. एक शंका उरते. आठव्या सत्रातील प्रकल्पाचे सादरीकरण अजून व्हायचे आहे. ते वर्गासमोर घेण्याची विनंती मी केली, तर त्याचा पुरावा म्हणून उपयोग होईल का?

फळा-खडू (जळगाव जिल्हा, अध्यापक)

ते तीन क्रेडिटच्या विषयाची जागा घेणार नाही, परंतु जोडपत्र म्हणून नक्की द्या. मार्गदर्शक शिक्षकांकडून तारीख, विषय, कालावधी आणि श्रोत्यांची संख्या लिहिलेले पत्र घ्या. आणि विनंती एकटीने करू नका. वर्गातील सर्वांच्या सह्यांचा अर्ज द्या, म्हणजे बाकीच्यांनाही बोलायला मिळेल.