गिटारचा भाव: रोख सूट की सेटअप?

इलेक्ट्रिक गिटार घेताना ऑनलाइन भाव दाखवला की दुकानदार तेवढ्यावर येतो, असं म्हणतात. बऱ्याचदा येतोही. पण यामाहा पॅसिफिका किंवा स्क्वायरसारख्या (नवशिक्यांमध्ये चालणारी मॉडेलं) नव्या गिटारवर त्याला फार नफा सुटत नाही. पट्टा, केबल, गिगबॅग (गिटारची कापडी पिशवी), तारांचे सेट यांवर जास्त सुटतो. म्हणून "अजून हजार कमी करा" यावर अडून बसू नका. "याच भावात गिगबॅग, केबल आणि सेटअप द्या" म्हणा, चटकन जमतं. सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरे नीट जुळवून देणं, ते तर मागाच! तारा उंच बसवलेल्या असल्या की नवशिक्याची बोटं जास्त दुखतात. बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरची धातूची आडवी पट्टी) सगळ्यात जाड तारेखाली २ मिमीच्या आसपास अंतर हवं.

पैसे काढण्याआधी नेकच्या, म्हणजे त्या दांड्याच्या, कडेवरून बोट फिरवा, फ्रेटची टोकं टोचतात का बघा. अँपला (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) जोडून व्हॉल्यूमचा नॉब फिरवा, खरखर ऐका. भिंतीवर टांगलेला डिस्प्ले पीस असेल आणि बारीक ओरखडा दिसला, तर तिथे मात्र रोख सूट हक्काने मागा. वाजायला ती तितकीच चांगली असते. ठरलेलं सगळं सिरियल नंबरासकट बिलावर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी लागतं.