फुप्फुसातली वाट वेगळी

वर मालवणच्या ताईंनी विचारलंय, काट्याने बोट पिकतं तसंच न्यूमोनियात छातीत होतं का? जमणाऱ्या पेशी त्याच, मुख्यतः न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. पण रक्तातून बाहेर पडायची वाट वेगळी.

बोटात रक्तवाहिनीच्या आतल्या भिंतीवर आधी सिलेक्टिन नावाचे चिकटवणारे रेणू येतात. त्यांना अडखळत पेशी घरंगळते, वेग मोडतो, मग तिच्यावरचे इंटिग्रिन नावाचे रेणू भिंतीवरच्या आयकॅम-१ या रेणूला घट्ट धरतात. होडी धक्क्याला लावताना आधी वेग मोडायचा आणि मग दोर बांधायचा, तसंच. फुप्फुसात मात्र बहुतेक न्यूट्रोफिल केशवाहिन्यांतूनच बाहेर पडतात, आणि त्यातल्या कितीतरी पेशीहून अरुंद! आमच्या वाडीत दोन गडग्यांमधल्या पाणंदीतून म्हैस अंग चोरून जाते, तिला थोपवायला दावं कशाला हवं? न्यूट्रोफिलही लांबुळका होऊन सरकतो. जंतूंची चाहूल लागली की ताठरतो आणि तिथेच अडकतो. घरंगळण्याचा प्रश्नच येत नाही.

खरी गंमत पुढे आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत इंटिग्रिनचा सीडी-१८ हा भाग अडवला, तेव्हा ई. कोलाय या जंतूच्या न्यूमोनियात फुप्फुसात येणारे न्यूट्रोफिल घटले. न्यूमोकॉकस या दुसऱ्या जंतूच्या न्यूमोनियात फारसा फरक पडला नाही! त्यामुळे 'चिकटवणारे रेणू बंद केले की सूज थांबेल' हे इथलं दुसरं मत मला सरसकट पटत नाही. शिवाय सीडी-१८ जन्मतःच सदोष असलेली बाळं असतात: नाळ उशिरा गळते, रक्तात पांढऱ्या पेशी भरमसाट, आणि जखमेत पू जवळजवळ नाहीच, कारण न्यूट्रोफिल रक्तातून तिथे पोचतच नाहीत.