जळू गांडुळाची नातेवाईक कशी काय?

बीएस्सी_वैतागलेली: कोणी झूलॉजीवालं आहे का इथं? परवा नागपुरात पाऊस झाला अन् आमच्या अंगणातल्या काळ्या मातीतून गांडुळं वर आली, त्यावरून आठवलं. प्रॅक्टिकलला जळूच्या अंगावरची वळी मोजत बसली होती मी, नव्वदच्या वर गेली, अन् जर्नलमध्ये लिहायचं शरीराचे ३३ खंड! चुकलं कुठं? अन् एक माती खाते, दुसरी रक्त पिते, दोघींना एकाच संघात, ॲनेलिडात, काऊन टाकलं?

फुटाळा_काठ: तुझं काही चुकलं नाही. जळूत बाहेरचं वळं म्हणजे खंड नव्हे, मधल्या भागात एका खंडावर पाच-पाच वळी पडतात. ज्या वळ्यावर बारीक ठिपक्यांची रांग दिसते ते पकडून मोज, जमेल. गांडुळात हा घोळ नाही, एक वळं एक खंड, फेरेटिमात, म्हणजे आपल्या प्रॅक्टिकलच्या गांडुळात, १०० ते १२०.

मास्तर_रिटायर्ड: नात्याचं मी सांगतो. गांडूळ कोरड्या कागदावर सोड अन् कान लाव, बारीक खरखर ऐकू येते, ते त्याचे सीटी म्हणजे काटेरी केस, त्यांनीच ते मातीत पकड घेतं. जळूनं ते केस टाकून दिले अन् दोन्ही टोकांना चूषक घेतले, म्हणून ती वेगळी वाटते. पण खरी ओळख म्हणजे क्लायटेलम, अंगावरचा तो जाड पट्टा. फेरेटिमात १४ ते १६ खंडांवर कायमचा, जळूत ९ ते ११ वर अन् तोही फक्त प्रजननाच्या काळात. दोघींत नर-मादी एकाच अंगात, दोघी कोष करून त्यात अंडी घालतात. आता सांग, बहिणी नाहीत तर काय?

बीएस्सी_वैतागलेली: मग वर्ग तीनच ना सर? पॉलिकीटा (भरपूर केसांचे, बहुतेक समुद्रातले), ऑलिगोकीटा (गांडुळं), हिरुडिनिया (जळवा)?

फुटाळा_काठ: पेपरात तीनच लिही बापा, मार्क त्याचेच आहेत 😄 पण २०११ मध्ये जीन्सवरून जी मांडणी आली त्यात बहुतेक सगळे एरँशिया अन् सेडेंटेरिया या दोन गटांत बसतात, अन् गांडूळ-जळू दोघी सेडेंटेरियाच्या पोटात, म्हणजे ज्या पॉलिकीटांना आपण वेगळा वर्ग म्हणायचो त्यांच्यातच निघाल्या ह्या. सगळ्यात गंमत इक्युरा अन् सायपंक्युला या समुद्रातल्या कृमींची, अंगावर खंडच नाहीत तरी आता ॲनेलिडातच.

बीएस्सी_वैतागलेली: सर, खरखर ऐकू आली! आईनं मात्र कागद, गांडूळ अन् मला, तिघांनाही अंगणात काढलं.