मदत हवी आहे : इथेनॉलने न पुसला जाणारा मार्कर कोणता?

नमस्कार मंडळी,

गेले दोन पावसाळे मी सह्याद्रीतल्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर काम करतेय. मुठे, किरवे, ज्या गावात जे म्हणतात ते. खेकडा पकडायचा, मोजायचा, फोटो काढायचा, डीएनएसाठी एक पाय घेऊन दोन मिलीच्या ट्यूबमध्ये ९५ टक्के इथेनॉलात टाकायचा आणि ट्यूबवर परमनंट मार्करने नंबर घालायचा. प्रत्येक ठिकाणचा एखादा खेकडा अख्खा बरणीत ठेवते, बाकीचे सोडून देते.

मागच्या आठवड्यात फ्रीझरमधून डबा काढला आणि पोटात गोळाच आला. ९ बाय ९, ८१ घरांचा पुठ्ठ्याचा डबा. बहुतेक गाडीतून येताना आडवा पडला असणार. कोपऱ्यातल्या दोन ट्यूबांची झाकणं नीट बसलेली नव्हती, त्यांतलं इथेनॉल झिरपून शेजारच्या ओळींत गेलं. १४ ट्यूबांवर नंबराच्या जागी निळसर ओघळ आहेत. एका ट्यूबवर ‘एएमबी’ एवढंच वाचता येतंय, आणि माझ्या यादीत आंबोलीही आहे आणि आंबेनळीही. सरांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि काही न बोलता गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मार्कर साधासुधा नव्हता. दुकानदाराने ‘मॅडम, हा कपड्यावरचासुद्धा जात नाही’ असं छातीठोकपणे सांगून दिला होता.

तर, इथेनॉलमध्ये टिकेल असा मार्कर कोणता घ्यावा? की छापील लेबलं लावावीत? आणि त्या १४ ट्यूबांचं काही होण्यासारखं आहे का? फेलोशिप चार महिने आलेली नाही, तेव्हा फार महाग काही सुचवू नका.

– ओढाकाठची

काचपट्टी :

ताई, मी हिस्टोपॅथॉलॉजीत टेक्निशियन आहे, २१ वर्षं झाली. आमच्याकडे बायोप्सीचा तुकडा कॅसेटमध्ये (छोट्या जाळीदार प्लॅस्टिकच्या डबीत) घातला की आधी फॉर्मॅलिन, मग ७० टक्क्यांपासून चढत चढत १०० टक्के अल्कोहोल, मग झायलिन हा सॉल्व्हंट (द्रावक), शेवटी ६० अंशाच्या आसपासचं वितळलेलं मेण. इतक्या आंघोळी झाल्यावर नंबर दिसलाच पाहिजे, नाहीतर एकाची गाठ दुसऱ्याच्या नावावर जायची. एवढ्या वर्षांत मला एकच लेखणी कधी दगा दिली नाही, ती म्हणजे शिसपेन्सिल. कॅसेटच्या खरखरीत तिरक्या पट्टीवर आणि स्लाइडच्या दुधी टोकावर आम्ही पेन्सिलनेच लिहितो. नवीन मुलं मार्कर घेऊन येतात. पहिल्या झायलिनलाच त्यांची हौस फिटते.

मार्करच हवा असेल तर स्टेशनरीच्या दुकानात जाऊ नका. लॅबचं सामान विकणाऱ्याकडे ‘हिस्टॉलॉजी मार्कर’ किंवा ‘सॉल्व्हंट-रेझिस्टंट मार्कर’ म्हणून मागा. लिहिल्यावर मात्र पूर्ण वाळू द्यायचा.

बोरूबहाद्दर :

रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं फळ्यावरचं बोलतो.

‘परमनंट’ हा शब्द पाण्यापुरता खरा आहे. नेहमीच्या परमनंट मार्करमध्ये रंग आणि चिकटवणारं रेझिन हे बहुतेक वेळा अल्कोहोलातच विरघळवलेलं असतं. लिहिलं की अल्कोहोल उडून जातं, रंग आणि रेझिन पृष्ठभागावर राहतात. पाण्यात ते विरघळत नाहीत म्हणून आपण त्याला कायमचं म्हणतो. पण पुन्हा अल्कोहोल आलं की ते आपल्या माहेरी परत जातात. तुमच्या ट्यूबवर दुसरं काही झालेलं नाही. हात निर्जंतुक करायचं सॅनिटायझर लागलं तरी हेच होतं.

आणखी एक अडचण ट्यूबची. ती पॉलिप्रॉपिलीनची असते आणि त्या प्लॅस्टिकला कशाचीच फारशी ओढ नाही, शाई नुसती वर बसून राहते. म्हणून गुळगुळीत बाजूवर लिहू नका, ट्यूबवर जो खरखरीत पट्टा असतो तिथे लिहा.

पेन्सिल का टिकते? शिसं म्हणजे ग्राफाइट आणि चिकणमाती. ग्राफाइट हा कार्बन, आणि तो पाण्यात, अल्कोहोलात, झायलिनमध्ये कशातच विरघळत नाही. तो फक्त घासून जातो. टीएलसीच्या, म्हणजे मिश्रणातले घटक सुटे करायच्या, प्लेटवर आरंभरेषा पेन्सिलनेच आखायची ती याचसाठी. पेनाने आखली तर रेघच सॉल्व्हंटबरोबर वर चढते आणि तिचे दोन-तीन रंग सुटे होऊन नमुन्याच्या शेजारी येऊन बसतात. दरवर्षी एकतरी विद्यार्थी तो ठिपका आपलं उत्पादन म्हणून वहीत नोंदवतो.

अवांतर : जुन्या पोथ्यांची शाई काजळीची, म्हणजे पुन्हा कार्बनच. पोथी भिजली की अक्षर फुटतं ते त्यातल्या डिंकामुळे. काजळीचा रंग मात्र शेकडो वर्षांत उडालेला नाही.

हापूसप्रेमी :

बोरूबहाद्दर यांना +१. ‘माहेरी परत जातात’ जबरी!

जुना खोका :

निवृत्त माणूस आहे, आयुष्य बरण्यांतल्या प्राण्यांची निगा राखण्यात गेलं. ओढाकाठची, रागावू नकोस, पण तुझा प्रश्नच थोडा चुकलाय. बाहेरच्या लिखाणावर अख्खा नमुना सोपवायचा नसतो. चिठ्ठी आत टाकायची. बाहेरचं लेबल पडेल, पुसेल, झुरळं खातील. आतली चिठ्ठी नमुन्याबरोबर राहते.

तुझ्या ट्यूबसाठी जाड, चांगल्या कागदाची तीन मिलिमीटर रुंद आणि बारा-पंधरा मिलिमीटर लांब पट्टी काप. कापसाच्या लगद्याचा कागद मिळाला तर उत्तम, नाहीतर जाड ट्रेसिंग पेपर. त्यावर टोकदार एचबी पेन्सिलने फक्त नंबर लिही. गाव, तारीख, पकडणाऱ्याचं नाव वहीत. नंबर एकदा वापरला की पुन्हा वापरायचा नाही, नमुना फेकला तरी नाही. आणि ‘एएमबी’ वगैरे आद्याक्षरं कशाला? १, २, ३ असे सलग आकडे घाल. गावांची नावं सारखी निघतात, आकडे निघत नाहीत.

शाईच हवी असेल तर ड्रॉइंगची जलरोधक काळी शाई किंवा पिगमेंट शाईचं बारीक पेन. लिहून रात्रभर वाळव, मगच आत टाक. बॉलपेन चुकूनही नको. आणि लेझर प्रिंटरवर छापलेली चिठ्ठी तर मुळीच नको. ती शाई नसते, कागदावर वितळवून चिकटवलेली प्लॅस्टिकची भुकटी असते. अल्कोहोलात काही वर्षांनी तिची पकड सुटते. मी एक बरणी उघडली होती, तिच्यात कागद कोराकरकरीत आणि तळाशी काळी अक्षरं सांडलेली. त्यात एक ‘क’ अख्खा होता. बरणी हलवली की तो तरंगायचा.

माती_मोजणारा :

खेकड्यांशी संबंध नाही, पण मार्कर न चालण्याचा आमचा प्रकार सांगतो. मातीतला सेंद्रिय अंश काढायला आम्ही चिनीमातीच्या क्रुसिबलमध्ये (मुशीत) माती घालून ५५० अंशांच्या मफल फर्नेसमध्ये जाळतो. तिथे कुठलाही मार्कर मातीच्या आधी जळतो. आमच्या जुन्या लॅब असिस्टंटनी शिकवलेली युक्ती अशी : फेरिक क्लोराइडच्या द्रावणात काडी बुडवून क्रुसिबलच्या तळाशी नंबर काढायचा आणि कोरी क्रुसिबल एकदा भट्टीत तापवायची. लोखंडाचा ऑक्साइड चिनीमातीत बसतो आणि तांबूस-तपकिरी नंबर कायमचा होतो. नंबर आधी, वजन नंतर, हे विसरायचं नाही.

आणि शेतातून माती आणताना पिशवीवर मार्कर असला तरी पेन्सिलची चिठ्ठी लागतेच, तीही छोट्या कोरड्या पिशवीत घालून. ओल्या मातीत उघडी चिठ्ठी टाकली की आठ दिवसांत तिचीच माती होते.

ओढाकाठची :

सगळ्यांचे आभार! जुना खोका काका, रागावले नाही, आकड्यांचं पटलं. पण दोन शंका. कागद आत टाकल्याने डीएनए काढताना त्रास होत नाही ना? आणि पावसात काय करायचं? जुलैत रात्री नऊला घाटात कागद, हात, ट्यूब सगळंच चिंब असतं. ओल्या प्लॅस्टिकवर तर मार्कर उमटतही नाही.

जुना खोका :

कागद स्वच्छ ठेव, कात्री आणि चिमटा पुसून घे, ट्यूबगणिक नवी पट्टी. डीएनए काढायला तू तुकडा बाहेर काढणारच आहेस, चिठ्ठी ट्यूबमध्येच राहील. पावसाचं उत्तर सोपं आहे : घाटात लिहायचंच नाही. निघायच्या आधी घरी बसून शंभर ट्यूबांवर १ ते १०० लिहून, चिठ्ठ्या आत टाकून, इथेनॉल भरून ठेव. रात्री फक्त पाय टाकायचा आणि वहीत ‘३७ कुठला’ एवढं लिहायचं. वहीसुद्धा पेन्सिलने.

श्वार्झवाल्ड_ते_शनिवारपेठ :

सध्या जर्मनीत पोस्टडॉक. इथे लॅबमध्ये थर्मल ट्रान्सफर प्रिंटरवर (जो रिबनवरची शाई उष्णतेने लेबलवर उतरवतो) छापलेली क्रायो, म्हणजे अतिथंडीत टिकणारी, लेबलं वापरतो. रेझिनची रिबन असेल तर ती अल्कोहोल, उणे ८० आणि द्रव नायट्रोजनचे उणे १९६ अंश, सगळं सोसतात. मात्र लेबल कोरड्या, साध्या तापमानाच्या ट्यूबवर आधी चिकटवायचं, गारठलेल्या ट्यूबवर ते चिकटत नाही. दुकानाच्या पावत्यांसारख्या साध्या थर्मल कागदाची लेबलं मात्र टाळा, अल्कोहोलने तो कागद स्वतःच काळा पडतो.

स्वस्तात भागवायचं तर आधी गळतीच थांबवा. टिचकीने बंद होणारी झाकणं प्रवासात उघडतात. आटे असलेलं, आत रबरी रिंग असलेलं झाकण घ्या आणि ट्यूब काठोकाठ भरू नका. फ्रीझरमधून काढलेल्या ट्यूबवरचं दव टिश्यूने कोरडं टिपा. आमच्याकडे एकाने सवयीने ७० टक्के अल्कोहोलचा फवारा मारून पुसलं होतं. अख्खा रॅक.

काचपट्टी :

त्या १४ ट्यूबांबद्दल कुणीच बोललं नाही. ताई, डब्याचा नकाशा आहे का? कुठल्या घरात कुठली ट्यूब? नसेल तर ट्यूबा भरतानाच्या क्रमाने लावल्या होत्यात का ते आठवा, मोबाइलमधले फोटो वेळेप्रमाणे लावून बघा. आणि डाग पुसू नका! तिरप्या उजेडात भिंग धरलं तर पेनाच्या टोकाचा ओरखडा कधी कधी दिसतो.

बोरूबहाद्दर :

डीएनए क्रमवारीने जात कळेल, गाव कळणार नाही. एकच जात दोन्ही घाटांत असली तर आणखीच पंचाईत. तेव्हा आधी काचपट्टी म्हणतात ते करा.

ओढाकाठची :

उशिरा लिहितेय, पण निकाल सांगायला आले.

आधी मार्कर. घरात, लॅबमध्ये, भावाच्या दप्तरात मिळाले ते सहा गोळा केले. प्रत्येकाने दोन-दोन ट्यूबांवर लिहिलं, एक लगेच आणि एक रात्रभर वाळवून इथेनॉलात बुडवली, मग अंगठ्याने दोनदा घासली. पाच मार्कर दोन्हीकडे गेले, त्यात तो कपड्यावरून न जाणारासुद्धा. अंगठा मात्र दोन दिवस निळा होता. सॉल्व्हंट-रेझिस्टंट मार्कर वाळवलेल्या ट्यूबवर जसाच्या तसा राहिला, लगेच बुडवलेल्यावर फराटला. पेन्सिल खरखरीत पट्ट्यावर टिकली, घासल्यावर थोडी पुसट झाली. आतल्या चिठ्ठीला काहीच झालं नाही. तेव्हा आता बाहेर तो एकच महागडा मार्कर, आत पेन्सिलची चिठ्ठी आणि आटे असलेली झाकणं.

आता १४ ट्यूबा. फोटोंच्या वेळांवरून आठ लागल्या, भिंगाने एक. चार ट्यूबांवर ‘स्थळ अज्ञात’ लिहून त्या वेगळ्या ठेवल्या, सरांनीच तसं सांगितलं.

राहिली ती ‘एएमबी’. वहीत आंबेनळीच्या नोंदीपुढे लिहिलंय, ‘पाय कात्रीने कापला’. आणि आंबोलीच्या नोंदीपुढे, पावसाने फुगलेल्या पानावर, पेन्सिलीत, ‘पकडताच पाय सोडला’. खेकडा स्वतःहून पाय टाकतो तेव्हा तो बुडाशी ठरलेल्या जागीच तुटतो, कात्रीचा काप पुढे कुठेतरी आडवा येतो. ट्यूब उजेडासमोर धरली. पाय बुडापासून अख्खा होता.

आंबोली.