प्रति: जर्मनमधून मुलाखत

जर्मन भाषेची बी१ (मध्यम) पातळी झालीय, तर इंटर्नशिपची मुलाखत जर्मनमध्ये द्यावी का, असं वर विचारलंय. जरूर द्या! जर्मनीत आखेनला शिकताना माझी पहिली मुलाखत जर्मनमध्येच झाली. पाठ केलेली ओळख छान गेली, पण ‘प्रोजेक्टमध्ये नेमकं काय अडलं?’ यावर शब्दच सुचेनात. तेव्हा ओळखीपेक्षा प्रोजेक्टची गोष्ट मोठ्याने बोलून तयार करा. ‘वाइल’ म्हणजे ‘कारण’ आलं की क्रियापद शेवटी जातं, अगदी आपल्या मराठीसारखं. याचा मला फार आधार वाटला. समोरचे ‘डू’वर (म्हणजे ‘तू’वर) येईपर्यंत ‘झी’च (म्हणजे ‘तुम्ही’च) म्हणा. प्रश्न कळला नाही तर बेधडक परत विचारा. आणि हो, इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची असेल तर आधीच सांगा, ती आपल्यासारख्या परदेशी विद्यार्थ्यांना असलेल्या वर्षाला १४० पूर्ण दिवस कामाच्या मर्यादेत धरत नाहीत.