मिरगाआधीचं जळण : कुऱ्हाड हातात घेतलेल्यांनो, अनुभव लिहा

जांबोटीकडची :
गेल्या वर्षीपर्यंत आमच्या घरी लाकडं बाबा फोडायचे. यंदा त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि कुऱ्हाड माझ्याकडे आली. आमचं गाव बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या वाटेवर, मलप्रभा नदीच्या उगमाकडचं. एकदा पाऊस धरला की अंगणात पाय ठेवायची सोय नसते, म्हणून मिरगाआधी जळण पडवीत जायलाच हवं. घरात गॅस आहे. तरी अंघोळीचं पाणी, जनावरांचं आंबोण आणि सणावारचा मोठा स्वयंपाक चुलीवरच होतो.

आमच्या बांधावरचं ऐनाचं झाड दोन वर्षांपूर्वी वादळात पडलं. त्याचे ओंडके कापून ठेवलेत. मगरीच्या पाठीसारखी साल आणि आत नुसतं लोखंड. पहिल्या दिवशी दोन तासांत चार ओंडके झाले आणि दोन्ही तळहातांना फोड आले. कुऱ्हाड रुतून बसते, ती उपसण्यातच निम्मा जीव जातो. बाबा खाटेवरून सांगतात, "आधी लाकडाकडं बघ." काय बघायचं ते त्यांना सांगता येत नाही. त्यांचे हातच ते जाणतात.

तुम्ही कसे शिकलात? कुठलं लाकूड, कुठली कुऱ्हाड, काय चुकलं, ते लिहा. मला खरंच गरज आहे.

निपाणीकर :
ताई, बघायचं ते ओंडक्याचं तोंड. वाळताना गाभ्यापासून सालीकडे चिरा पडतात. त्यातली रुंद चीर शोधायची आणि पातं तिच्या रेषेतच उतरवायचं. आडवा घाव घातलात तर दहा घावांतही लाकूड दाद देत नाही. ओंडका रुंद असेल तर मधोमध मारूच नका. कडेनं ढलप्या काढत गोल फिरत आत या, गाभा शेवटी एकटा उरतो. गाठ असेल तिथून घाव लांब ठेवा.

कुऱ्हाड रुतते कारण तुमच्याकडे बहुतेक झाड तोडायची पातळ कुऱ्हाड आहे. तोडायची वेगळी, फोडायची वेगळी. फोडायची कुऱ्हाड गालाला जाड असते, आत शिरताना ती लाकूड दोन्हीकडे ढकलते. तिला वस्तऱ्यासारखी धारही नको. आमच्याकडे लोहार ट्रकच्या जुन्या पाट्याची कुऱ्हाड घडवून देतो. त्याला फक्त सांगायचं, लाकूड फोडायला पाहिजे.

आमच्या बांधाला बाभळी. बाभूळ ओली असताना फोडली तर ऐकते, वर्षभर वाळवून मग फोडायला गेलात तर हात झिणझिणतात. निलगिरीचंही तेच. तिचा रेषा, म्हणजे लाकडाचा धागा, वाळल्यावर पीळ धरतो. बेचक्याच्या ओंडक्याला कुऱ्हाड लावूच नये. तिथं दोन लोखंडी पाचरी आणि घण. एक पाचर चिरेत बसवायची, फट पडली की पुढं दुसरी ठोकायची, पहिली आपोआप सैल होते.

आणि हे पोटतिडकीनं सांगतो. पाचरीचं डोकं घणाच्या मारानं छत्रीसारखं पसरतं. ती पसरलेली कड लोहाराकडून घासून घ्या. माझ्या चुलत्यांच्या पोटरीत असाच एक तुकडा उडून शिरला, आठ टाके पडले. कुऱ्हाडीची पाठ घणासारखी वापरणं आणि कुऱ्हाडीच्या पाठीवर घण मारणं, दोन्ही त्याच कारणासाठी आमच्या घरात तेव्हापासून बंद.

हल्याळची सून :
माझं माहेर मराठी, सासर कन्नड. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंचं निम्मं बोलणं कळायचं नाही. परड्यात लाकडं फोडायला त्या मला सोबत घ्यायच्या, आणि माझं कन्नड तिथंच सुरू झालं. कोडली म्हणजे कुऱ्हाड, कट्टिगी म्हणजे जळण. मी घाईनं घाव घालायला लागले की त्या म्हणायच्या, "निधान, निधान." हळू.

त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मी आता माझ्या मुलीला शिकवते. कुऱ्हाड खाली येताना आपणही गुडघ्यात वाकून खाली जायचं. ताठ उभं राहिलं की पातं गोल फिरून नडगीकडे येतं. वाकलं की घाव चुकला तरी पातं ठोकळ्यात किंवा मातीत जातं. पाय खांद्याइतके फाकवून, दोन्ही एका रेषेत. ओंडका जमिनीवर नाही, ठोकळ्यावर उभा करायचा, आणि ठोकळा गुडघ्याच्या खालीच असावा. वरचा हात पात्याजवळ धरून कुऱ्हाड उचलायची, मग तो हात दांड्यावरून घसरत खालच्या हाताला येऊन मिळतो. ताकद कुऱ्हाडीच्या वजनाची असते, आपण तिला फक्त वाट दाखवायची. सासूबाई साठीच्या होत्या, अंगानं काडी, आणि माझ्या दुप्पट लाकडं फोडायच्या.

त्या जाऊन सहा वर्षं झाली. ठोकळा तोच आहे, मध्ये वाटीसारखा खोल झालाय.

उचगाव भागातला :
दांड्याविषयी कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दांडा धामणीच्या झाडाचा. लवचिक असतो, हाताला हिसका कमी बसतो. रेषा दांड्याच्या लांबीत सरळ गेलेला बघून घ्या, आडव्या रेषेचा दांडा एक दिवस दगा देतो. एप्रिलच्या उन्हात दांडा आकसतो आणि कुऱ्हाड ढिली होते. आम्ही रात्रभर पाण्यात बुडवून ठेवायचो, सकाळी घट्ट. पण ते घट्टपण वाळलं की गेलं. एकदा माझ्या हातून पातं निसटून गोठ्याच्या भिंतीत घुसलं. मुलगा तिथून वीतभर अंतरावर उभा होता. त्या दिवशी मी पुढं काम केलं नाही. आता रोज सुरुवातीला कुऱ्हाड पातं वर धरून दांड्याचं बूड दोनदा दगडावर आपटतो, डोक्यातली पाचर तपासतो, आणि पोरांना अंगणाबाहेर काढतो.

खानापूर, कुंभाराच्या घरातली :
आमच्याकडे फोडण्याचं माप भट्टी ठरवते. खानापूरची माती मडक्यांना आणि कौलांना चांगली. खादी ग्रामोद्योगची मातीकाम शिकवणारी संस्थाही आमच्या गावातच आहे. भट्टी लावताना आधी जाड ओंडके, कारण धग मंद हवी. भांड्यात उरलेलं पाणी एकदम तापलं तर भांडं तडकतं. ते पाणी गेलं की मग मनगटाएवढी बारीक फाळकी, भराभर, मोठ्या जाळासाठी. म्हणून आजोबा दोन ढीग वेगळे रचायचे आणि दोन्हींत हात घालायची आम्हा मुलांना बंदी. कुणी चुकून बारीक ढिगात जाड लाकूड टाकलं तर ऐन वेळी जाळ बसायचा. मी लहानपणी एकदा टाकलं होतं. अख्खी भट्टी काळी निघाली आणि आजोबा एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणं मला अजून आठवतं.

नंदगडची आशा कार्यकर्ती :
माझ्या आईची फुप्फुसं चुलीच्या धुरानं गेलीत. डॉक्टरांनी निदान सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "मी तर विडीसुद्धा ओढली नाही." म्हणून सांगते, लाकूड कसं फोडता याइतकंच ते कधी फोडता यालाही महत्त्व आहे. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. जळायला ते वीस टक्क्यांच्या खाली यावं लागतं, नाहीतर जाळाची धग पाणी उडवण्यातच जाते आणि घरभर धूर. साल पाणी धरून ठेवते. ओंडका न फोडता ठेवला तर आतून वाळायला दोन पावसाळे जातात, फोडला की वाळायचं तोंड मोकळं होतं. मिरगाआधी आठ दिवस फोडून पडवीत भरलेलं जळण मला तरी पटत नाही. यंदा फोडा ते पुढच्या वर्षासाठी. दोन फाळकी एकमेकांवर आपटून बघा. वाळलेलं ठणठण वाजतं, ओलं ठप्प.

रचताना खाली दगड किंवा दोन वासे, वर पत्रा, बाजू उघड्या. ताडपत्रीनं चारी बाजूंनी गुंडाळू नका, आत बुरशी धरते. आणि ढिगात थेट हात घालू नका. आधी काठीनं हलवा. विंचू चावलेले बहुतेक जण मला जळण काढतानाचेच भेटतात.

जमलं तर चूल बाहेर घ्या, नाहीतर धुराडं तरी काढा. ही विनंती आहे.

बेळगाव तालुका, गाव सांगत नाही :
वडील गेले तेव्हा जुलै होता, चार दिवसांची झड. आमच्या गावात कुणी गेलं की घराघरातून जळण जातं. त्या दिवशी सगळ्यांचं ओलं. शेजारचे काका, ज्यांच्याशी बांधावरून आमचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं, त्यांनी माळ्यावरचं आंब्याचं कोरडं जळण काढलं आणि आमच्याच अंगणात उभं राहून बारीक फोडून दिलं. मी पडवीत बसून नुसता आवाज ऐकत होतो. बांधाचा वाद अजून मिटलेला नाही. पण दरवर्षी मे महिन्यात माझ्या जळणातला एक भाग मी वेगळा, कोरडा, माळ्यावर ठेवतो. कुणाला लागेल सांगता येत नाही.

जांबोटीकडची :
सगळ्यांचं बाबांना वाचून दाखवलं. दांड्याचं ऐकताच त्यांनी कुऱ्हाड मागवली, एका हातानं हलवून बघितली आणि म्हणाले, ढिली आहे. म्हणजे इतके दिवस मी ढिल्या कुऱ्हाडीनं घाव घालत होते. ती नीट बसवून घेतली, एक जाड गालाचीही करायला टाकली.

काल पहिल्यांदा चीर बघून, वाकून, कडेनं घाव घातला. ढलपी सुटून बाजूला पडली. बाबा आत होते, त्यांना दिसत नव्हतं. आतूनच ओरडले, "आता लागला बघ!" संध्याकाळपर्यंत अकरा ओंडके झाले. नंदगडच्या ताई, त्यातले सात पुढच्या वर्षासाठी वेगळे रचलेत, दगडांवर.

बेचक्याचा एक तेवढा उरलाय. निपाणीकर दादा, लोहारानं पाचरी रविवारी देतो म्हटलंय.