विषय: डोमिसाइलचा (अमेरिकेत कायम वास्तव्याचा) पुरावा, मुंबईहून २२१जी ची (कागद अपुरे म्हणून व्हिसा थांबवल्याची) चिठ्ठी आलीय, तातडीने मदत हवी

प्रेषक: गौ., पुणे

नमस्कार सगळ्यांना,
काल नवऱ्याचा बीकेसीला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यू झाला, आयआर-१ चा, म्हणजे मी अमेरिकन नागरिक म्हणून त्याला मिळणाऱ्या कायमच्या व्हिसाचा. लग्नाचं सर्टिफिकेट, पीसीसी (पोलिसांचा दाखला), मेडिकल, मामाचं जॉइंट स्पॉन्सरचं आय-८६४ (आर्थिक आधाराचं हमीपत्र), सगळं त्यांनी बघितलं आणि ठीक म्हणाले. मग विचारलं, बायको अमेरिकेत परत कधी जाणार? हा म्हणाला, आधी व्हिसा होऊ दे, मग बघू. खोटं काही बोलला नाही, आमचं खरंच तसंच चाललं होतं, पण तिथेच अडकलं. मी २०१९ पासून पुण्यात, नोकरी इथल्याच कंपनीत, आणि माझ्या आय-८६४ वर कंट्री ऑफ डोमिसाइलपुढे मी इंडिया लिहिलंय. आता चिठ्ठीत म्हटलंय की डोमिसाइलचा पुरावा द्या.

आईबाबांनी न्यू जर्सीतलं एडिसनचं घर २०२१ ला विकलं ते तुम्हाला माहीतच आहे. मामा मनरोला ५५ प्लसमध्ये (५५ वर्षांवरच्या लोकांच्या वसाहतीत) राहतो, तिथे पाहुणे म्हणून चार दिवस ठीक, कायम राहायला आम्हाला परवानगी नाही, त्यामुळे तो "माझ्याकडे राहतील" असं पत्र देऊ शकत नाही. इथून लीज करायचं तर क्रेडिट हिस्टरी आणि पगाराच्या स्लिपा मागतात. मग पत्ता आणायचा कुठून? तिकडच्या आपल्या मराठी मंडळाच्या लेटरहेडवर मी पूर्वी मंडळाच्या मराठी शाळेत शिकवायचे आणि परत येऊन शिकवणार आहे असं पत्र मिळेल का? खूप टेन्शन आलंय, दोन रात्री झोप नाही.
गौ.

प्रेषक: नाना

पोरी, घाबरू नकोस. जॉइंट स्पॉन्सर आहे ना, मग डोमिसाइल त्याचंच धरतात. मी १९८८ ला धाकट्या भावाच्या बायकोच्या वेळी एक अफिडेव्हिट, बँकेचं पत्र आणि नोटरी एवढंच दिलं होतं, कोणी काही विचारलं नाही. तरी लागलंच तर माझा पत्ता टाक, मी एक वर्षाचं लीज करून सही करून पाठवतो, बघायला कोण येतंय.
नाना

प्रेषक: भाऊ

नाना, माफ करा पण हे बरोबर नाही आणि ती यावर विसंबली तर तिचे महिने वाया जातील. १९८८ ला आय-८६४ नव्हतंच. १९९६ च्या कायद्यानंतर, डिसेंबर १९९७ पासून ते आलं आणि तेव्हापासून ते सरकारशी केलेलं कॉन्ट्रॅक्ट आहे. जॉइंट स्पॉन्सर फक्त उत्पन्न भरून काढतो. डोमिसाइल मुख्य स्पॉन्सरचं म्हणजे बायकोचं स्वतःचं लागतं, मामा करोडपती असला तरी ते भरून निघत नाही.

आणि लीजचं तर अजिबात करू नका. ती तिथे राहणार नसताना लीज दाखवायचं म्हणजे खोटा कागद, आणि तिने आय-८६४ वर पेनल्टी ऑफ पर्जरीखाली (खोटं निघालं तर शिक्षा) सही केलेली आहे. उद्या नवऱ्याला खिडकीत विचारलं की घराला किती खोल्या आहेत तर तो काय सांगणार?

गौ., आता नीट वाच. तू आज अमेरिकेत राहत नाहीस हे लपवायचं नाहीये. इंडिया लिहिलंस ते बरोबरच लिहिलंस. नियम असा आहे की नवरा ज्या दिवशी अमेरिकेत शिरेल त्या दिवशी किंवा त्याआधी तुझं डोमिसाइल तिथे झालेलं असेल हे पटवायचं. म्हणून नुसतं "आम्ही येणार आहोत" उपयोगाचं नाही, कधी, कुठे, आणि त्यासाठी आत्तापर्यंत काय काय केलंस ते दाखवायचं. बँकेत खातं चालू आहे का, पैसे हलवलेस का, नोकरीसाठी अर्ज केलेस का, निवडणुकीत मत दिलंस का, लायसन्स, टपालाचा पत्ता. यातला एकच कागद भारी असा नसतो, सगळे मिळून एक तारीख आणि एक गाव दिसलं पाहिजे.

आमचं २०१७ ला हेच झालं होतं, आम्ही पाच वर्षं पुण्यात होतो आणि अमेरिकन पासपोर्ट माझा, व्हिसा हिचा. ज्या वकिलाला पैसे दिले त्यांनी डोमिसाइलचा शब्दही काढला नाही. शेवटी मी दीड पानाचं पत्र स्वतः लिहिलं, कोथरूडचा फ्लॅट सोडायची घरमालकाला दिलेली नोटीस, सामान पाठवणाऱ्याचं कोटेशन, चुलतभावाचं पत्र आणि त्याचं विजेचं बिल, दोन कंपन्यांशी झालेल्या ईमेल्स, एवढं जोडलं आणि झालं.

टॅक्स रिटर्न्स तीन वर्षांची भरलीयेस ना? तिकडून बरेच जण भरतच नाहीत.
भाऊ

प्रेषक: खजिनदार

मंडळाच्या लेटरहेडवर व्यक्तिगत कामासाठी पत्र देता येणार नाही. २०१८ नंतर आपण कार्यकारिणीत ठरवलंय, त्या वेळी काय मनस्ताप झाला ते जुन्या लोकांना आठवत असेल. शाळेच्या ताईंनी वैयक्तिक पत्र दिलं तर हरकत नाही, फक्त मंडळाचं नाव आणि लोगो नको. आणि कृपया विषयात इमिग्रेशन असं आधी लिहा, हॉलच्या पार्किंगच्या मेल्स यात हरवतायत.

प्रेषक: शि.

माझ्या चुलतबहिणीला सांगितलं होतं की बायकोने आधी जाऊन तीन महिने राहायलाच पाहिजे, नाहीतर होत नाही. तिने तसंच केलं, इथली नोकरी सोडली, एकटी राहिली, फार वाईट दिवस काढले बिचारीने.

प्रेषक: भाऊ

शि., तीन महिन्यांचा असा नियम नाही. दोघं एकाच विमानाने गेले तरी चालतं. फक्त नवरा एकटा आधी शिरून बायको मागून असं नको. जिला शक्य आहे तिने आधी गेलं तर पुरावा भक्कम होतो एवढंच, पण त्यासाठी कोणाला नोकरी सोडायला सांगू नका. व्हिसा हातात पडेपर्यंत नोकरी सोडू नका, घरदार विकू नका असं कॉन्सुलेटवाले स्वतःच सांगतात.

प्रेषक: गौ.

भाऊकाका, खूप खूप धन्यवाद. रिटर्न्स दरवर्षी भरलीत, २५५५ (परदेशातल्या कमाईवर सूट मागायचा फॉर्म) लावून, त्यामुळे टोटल इन्कम शून्य दिसतं. आणि इथला पगार तसाही धरत नाहीत कारण तिकडे गेल्यावर ही नोकरी राहणार नाही, म्हणून मामा. एफबार (परदेशी खात्यांची माहिती) पण भरलंय. २०२० आणि २०२४ ला टपालाने मतदान केलं, एडिसनच्या जुन्या पत्त्यावरून. न्यू जर्सीतलं बँक खातं चालू आहे पण त्यात जेमतेम ९०० डॉलर्स.

माझा खरा पेच वेगळाच आहे. माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा. राजीनामा दिला तर पुरावा पक्का, पण व्हिसा लांबला तर घरात पगार नाही आणि सासऱ्यांचं डायलिसिस चालू आहे. नाही दिला तर ऑफिसर म्हणणार ही तर इथेच चिकटून आहे. मी काय करू?

प्रेषक: भाऊ

राजीनामा देऊ नकोस. एचआरला साधी ईमेल कर की मी अमुक महिन्यात अमेरिकेला कायमची जाणार आहे, नोटीस कमी करता येते का, रिलीव्हिंगची पद्धत काय. त्यांचं उत्तर आलं की दोन्ही प्रिंट कर. त्यावरून दिसतं की तू विषय काढलायस, आणि मागचा दोरही कापलेला नाही. मॅनेजरला कळेल, हो, ते मात्र धरून चाल. पत्रात डायलिसिसचंही लिही, सासऱ्यांचं पुढे कोण बघणार ते सकट. ऑफिसरही माणूसच आहे, आजारी वडिलांना सोडून मुलगा कसा निघणार हे त्याच्याही मनात येणार.

मेडिकल साधारण सहा महिनेच चालतं आणि व्हिसाची मुदत त्याला बांधलेली असते. चिठ्ठीला उत्तर द्यायला एक वर्ष असतं पण तेवढं थांबलीस तर मेडिकल पुन्हा. १५ दिवसांत पाठव.

प्रेषक: शि.

भारतातून पैसे पाठवताना १० लाखांच्या वर गेलात तर टीसीएस (बँक आगाऊ कापते तो कर) कापतात हे लक्षात ठेवा, एप्रिल २०२५ पासून मर्यादा ७ ची १० झाली. परत मिळतो पण रिटर्न भरल्यावर. आमचे बरेच अडकले होते.

प्रेषक: नाना

भाऊ, माझा हेतू पोरीला मदत व्हावी एवढाच होता. तिच्या बारशाला मी होतो. कायदा बदललाय हे मला माहीत नव्हतं, लीजचं मागे घेतो. पण घर नाही म्हणून तिचं अडलं तर ते मला बघवणार नाही. माझ्याकडे जागा नाही, मुलगा-सून आलेत, नाहीतर खरंच ठेवून घेतलं असतं.

प्रेषक: ताई

मी एवढा वेळ वाचत होते. आमची वरची खोली लेक पर्ड्यू युनिव्हर्सिटीला गेल्यापासून रिकामी आहे. गौ., तू आणि जावईबापू खरोखर या, नोकरी लागून स्वतःची जागा मिळेपर्यंत राहा, चार महिने लागोत की आठ. भाडं नको. मग पत्र खरं होतंय ना भाऊ? शाळेचंही वेगळं पत्र देते, रविवारच्या वर्गाला मला माणूस हवंच आहे, इयत्ता तिसरीला कोणी शिकवायला तयार नाही.

प्रेषक: गौ.

ताई, काय लिहू कळत नाहीये. आईला फोनवर वाचून दाखवलं, ती रडायलाच लागली. आम्ही खरंच येऊ. काल रात्री दोघं बसलो आणि तारीख ठरवली, १५ मार्च, तोवर दीर नागपूरहून पुण्यात बदली करून घेतोय, सासऱ्यांचं तो बघेल. त्याचा बदलीचा अर्जही जोडते. एचआरला ईमेल आज गेली. उद्या चार लाख रुपये तिकडच्या खात्यात पाठवतेय.

प्रेषक: ताई

छान. पत्रात घराचा पत्ता, खोली कुठली, किती दिवस, सगळं लिहिते. विजेचं बिल ह्यांच्या नावावर आहे, चालेल का? घर दोघांच्या नावावर आहे.

प्रेषक: भाऊ

चालेल. पत्रावर दोघांच्याही सह्या घ्या, आणि प्रॉपर्टी टॅक्सचं बिल जोडा, त्यावर दोघांची नावं असतील.